अ‍ॅम्प्लिफायर, ओहम आणि क्रोशाचा रुमाल

अ‍ॅम्प्लिफायर तापतो, आणि तो थोडा तापायलाच हवा. 2024 च्या मे महिन्यात हे वाक्य मी फोनवर इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी आई म्हणाली, "हे तू कुठेतरी लिहून ठेव बाबा, म्हणजे मला परत परत ऐकावं लागणार नाही." आता ब्लॉग आहेच, तर लिहितो. पुढे थोडं गणित येणार आहे, पण दहावीच्या विज्ञानापलीकडचं काही नाही. ज्यांना तेही नको त्यांनी सरळ रुमालापाशी उडी मारावी.

तर प्रकरण असं. पुण्याच्या घरी बाबांचा एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. काकांनी 1987 साली मस्कतहून आणलेला. जपानी, चंदेरी रंगाचा, पुढे मोठ्ठं गुळगुळीत बटण, आणि वजन असं की शोकेसची फळी मध्ये किंचित वाकली आहे. बरोबर आलेले दोन लाकडी स्पीकर, 8 ओहमचे. सकाळी सहाला बाबा चहाचं आधण ठेवतात आणि आधण यायच्या आत हा सुरू होतो. आधी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, आता फोनला वायर जोडून. सकाळी भीमसेनजींची तोडी, संध्याकाळी किशोरीताईंचा भूप, मध्ये दुपारी आईचा हक्क म्हणून भावगीतं. आमच्या घराला घड्याळाची गरज फारशी पडली नाही.

2023 च्या दिवाळीत आमच्या धाकट्या बंधूंनी (वाचतोयस ना रे?) कौतुकानं स्पीकरची आणखी एक जोडी आणली. आईला स्वयंपाकघरातही ऐकू यावं म्हणून. हेतू सोन्यासारखा. दुकानदारानं सांगितलं, "4 ओहमचे आहेत साहेब, आवाज जास्त सुटतो." त्याच्याच माणसानं घरी येऊन ती जोडी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'बी' लिहिलेल्या खुंट्यांना लावली, पुढचं बटण 'ए + बी' वर फिरवलं, आणि चहा पिऊन गेला. हिवाळाभर काही झालं नाही. मे महिन्यात मात्र अ‍ॅम्प्लिफायर भाकरीच्या तव्यासारखा तापायला लागला. अर्धा-पाऊण तास झाला की आतून 'टक्' असा आवाज येऊन सगळं गप्प. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "काका, याचे पार्ट आता मिळत नाहीत. आत कधीही शॉर्ट होईल, घर पेटेल. भंगारात द्या, मी नेतो." पैसे द्यायलाही तयार होता. (इथे मला पहिली शंका आली.)

'घर पेटेल' हा शब्द एकदा उच्चारला गेल्यावर आईचं म्हणणं ठरलं. बंधूंनी लगेच ब्लूटूथ स्पीकर घ्यायचं ठरवलं. बाबा काही बोलले नाहीत. "त्याचंही वय झालं म्हणायचं," एवढंच म्हणाले आणि अ‍ॅम्प्लिफायर लावायचे बंद झाले. मी बंगळुरात, त्यामुळे हे मला चौथ्या दिवशी कळलं, तेही आई सहज म्हणाली म्हणून. "सकाळी घर फार शांत वाटतं रे."

आता तापण्याकडे येऊ.

अ‍ॅम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर हा मुळात नळ आहे. मागे वीजपुरवठ्याची टाकी कायम भरलेली, समजा 30 व्होल्टची. गाण्याचा सिग्नल सांगेल तेवढा नळ उघडायचा आणि स्पीकरकडे वीज सोडायची. गोम अशी आहे की टाकी 30 व्होल्टचीच राहते. स्पीकरला त्या क्षणी 10 व्होल्टच हवे असतील, तर उरलेले 20 व्होल्ट जातात कुठे? ते ट्रान्झिस्टरवर पडतात. स्पीकरमधून जो प्रवाह वाहतो तोच ट्रान्झिस्टरमधूनही वाहतो, आणि व्होल्ट गुणिले प्रवाह म्हणजे वॅट. ते वॅट आवाज होत नाहीत, निव्वळ उष्णता होतात.

एका क्षणाचा फोटो काढला असं समजू. स्पीकर 8 ओहमचा, त्याला हवेत 10 व्होल्ट. प्रवाह झाला 1.25 अँपियर. स्पीकरला मिळाले 12.5 वॅट आणि ट्रान्झिस्टरमध्ये जळाले 25 वॅट. म्हणजे कामाच्या दुप्पट उष्णता! आता याच टाकीवर आवाज अगदी शिगेला नेला, स्पीकर 28 व्होल्ट मागतोय असं धरा. प्रवाह 3.5 अँपियर, स्पीकरला 98 वॅट, आणि ट्रान्झिस्टरवर उरलेत फक्त 2 व्होल्ट, म्हणजे 7 वॅट. पहिल्यांदा हे गणित मांडलं तेव्हा मी दोनदा तपासून पाहिलं होतं. नळ पूर्ण बंद असताना उष्णता नाही, पूर्ण उघडा असताना फार कमी, सगळा जाळ अर्धवट उघड्या नळात. अखंड वाजणाऱ्या एकाच सुराचा हिशेब केला तर या जातीचा अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात जास्त तापतो तो पूर्ण शक्तीच्या साधारण 40 टक्क्यांवर. आवाज मध्यम आहे, मग डबा एवढा का तापला, या आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर असं, की गाणं अजिबात वाजत नसतानाही तो कोमट असतो. त्याचं कारण मला फार आवडतं. आवाजाची लाट वर जाते आणि खाली येते, त्यासाठी आत दोन ट्रान्झिस्टरांची जोडी असते. एक वरचा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होताना, अगदी शून्यापाशी, दोघेही क्षणभर बंद राहिले तर लाटेला ठेच लागते. मोठ्या आवाजात ती लपून जाते. पण तानपुरा एकटा वाजतोय, गायकानं नुकताच षड्ज लावलाय, अशा वेळी ती ठेच खरखरीसारखी कानाला लागते. म्हणून दोघांनाही कायम थोडंसं उघडं ठेवतात. सिग्नलला आपण स्कूटर बंद न करता नुसती चालू ठेवतो ना, तसं. 30 व्होल्ट वरचे आणि 30 खालचे, असा 60 व्होल्टचा पुरवठा आणि त्यातून पन्नास मिलिअँपियर सतत वाहतायत असं धरलं, तर गाणं असो-नसो, प्रत्येक बाजूला 3 वॅट जळणारच. हा तापच सुराला सांधा जाणवू देत नाही.

ज्यांना तो सांधा औषधालाही नको असतो, ते दोन्ही नळ कायम भरपूर उघडे ठेवतात. याला 'क्लास ए' म्हणतात. जॉन लिन्सली हूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1969 साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात असा 10 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर छापला होता, आणि हौशी लोक आजही तो बनवतात. 10 वॅट आवाजासाठी प्रत्येक बाजूला सुमारे 30 वॅट सतत खातो. हिवाळ्यात खोलीत ठेवावा, शेकोटीची सोय होते :) उलट टोकाला 'क्लास डी'. त्यात नळ एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला लाखो वेळा. अर्धवट असं काही नाहीच, त्यामुळे तो जेमतेम कोमट होतो. बंधूंच्या ब्लूटूथ स्पीकरच्या पोटात हाच असतो. तो वाईट वाजतो असं मी म्हणणार नाही, आजकालचे चांगलेच वाजतात. पण तो तापत नाही म्हणून जुना आजारी, हे काही खरं नव्हे.

आता ओहम. मला विचाराल तर सगळं पाणी मुरतंय ते इथे.

ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला असलेला विरोध. आकडा जितका लहान, तितका स्पीकर जास्त प्रवाह ओढणार. वरचाच फोटो पुन्हा घ्या. स्पीकरला हवेत 10 व्होल्ट, पण या वेळी तो 4 ओहमचा आहे. प्रवाह झाला 2.5 अँपियर. स्पीकरला 25 वॅट मिळाले, म्हणजे "आवाज जास्त सुटतो" हे दुकानदाराचं म्हणणं खरंच. फक्त ट्रान्झिस्टरमध्ये आता 50 वॅट जळतायत हे त्यानं सांगितलं नाही. आणि आमच्याकडे तर नुसती 4 ओहमची जोडी नव्हतीच. 'ए + बी' लावलं की (निदान आमच्या मॉडेलमध्ये) दोन्ही जोड्या समांतर जोडल्या जातात. 8 आणि 4 समांतर म्हणजे 32 भागिले 12, झाले 2.67 ओहम. प्रवाह 3.75 अँपियर आणि जाळ 75 वॅटचा. आवाजाच्या बटणाला कोणी हात न लावता तिप्पट!

बरं, स्पीकरवर लिहिलेला आकडासुद्धा नावापुरता असतो. स्पीकरचा विरोध सुरागणिक बदलतो, एका ठिकाणी 30 ओहमपर्यंत चढेल तर दुसरीकडे खाली घसरेल. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की लिहिलेल्या आकड्याच्या 80 टक्क्यांखाली तो जाऊ नये, म्हणजे 8 चा 6.4 च्या खाली नको. सगळेच बनवणारे हे पाळत नाहीत. शिवाय स्पीकरमध्ये प्रवाह आणि व्होल्टेज नेहमी पावलाला पाऊल लावून चालत नाहीत, त्यामुळे ट्रान्झिस्टरवर नेमके जास्त व्होल्ट असतानाच प्रवाहही जास्त, असा योग जुळून येतो. माझं वरचं गणित म्हणजे सौम्य बाजू झाली.

मी बाबांना फोनवर म्हटलं, "बॅटरी घेऊन मागच्या पत्र्यावर काय छापलंय ते वाचता का?" त्यांनी चष्मा शोधला, फळीमागे डोकं घातलं आणि सावकाश वाचलं. 'ए किंवा बी, 4 ते 16 ओहम. ए + बी, 8 ते 16 ओहम.' मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. "म्हणजे यानं सांगितलं होतं की." हो, 1987 पासून पाठीवर लिहूनच बसला होता. दोन्ही जोड्या लावायच्या तर प्रत्येक स्पीकर किमान 8 चा हवा. आणि ते 'टक्' म्हणजे बिघाड नव्हता. झेपेनासं झालं की आतला रिले स्पीकर तोडतो, थंडावलं की जोडतो. चाळीशीकडे झुकलेलं यंत्र रोज इमानेइतबारे स्वतःला वाचवत होतं, आणि त्यालाच आपण भंगारात काढायला निघालो होतो.

ओघात आलंय तर स्पीकर 'जुळवण्या'बद्दल थोडं. पूर्वी व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर होते तेव्हा ओहम खरोखर जुळवावे लागत, म्हणून त्यांच्या मागे 4, 8, 16 अशा वेगळ्या खुंट्या असत. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत जुळवायचं काही नसतं, फक्त सांगितलेल्या आकड्याच्या खाली जायचं नाही. 16 चा लावला तर आवाज थोडा कमी होईल, बाकी अ‍ॅम्प्लिफायर निवांत.

आणि ते वॅट! 40 वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला 40 वॅटचाच स्पीकर हवा, ही समजूत कुठून आली कोण जाणे. स्पीकरवरचा आकडा तो किती सोसेल ते सांगतो, किती मागेल ते नाही. विचारायचा आकडा वेगळाच आहे, ठरावीक वीज दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज होतो तो. 87 चा स्पीकर आणि 90 चा स्पीकर यांत 3 डेसिबलचा फरक, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला दुप्पट वॅट लागणार. (इथेही एक मेख आहे. हे मोजताना बरेचदा 2.83 व्होल्ट देतात. 8 ओहमला तो 1 वॅट होतो, 4 ओहमला 2. म्हणजे 4 ओहमवाल्याला 3 डेसिबल फुकट मिळतात.) आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत 90 चा स्पीकर असेल तर ऐकण्याचं बहुतेक सगळं काम एक-दोन वॅटमध्ये उरकतं. जोरदार तबल्याच्या थापेला तेवढे जास्त लागतात. पण आवाज दुप्पट मोठा वाटायला हवा असेल तर साधारण दसपट वॅट द्यावे लागतात, आणि बाबांचे कान आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. बटण गेल्या काही वर्षांत हळूहळू पुढे सरकलं आहे. हेही गणितात धरायला हवंच.

वॅटचा आकडा किती फसवा असतो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे 1978 साली आलेला 'नॅड 3020'. कागदावर फक्त 20 वॅट. दिसायला साधा, किंमत कमी. पण कमी ओहमच्या हट्टी स्पीकरांना लागेल तो प्रवाह घटकाभर देण्याची ताकद त्याच्यात ठेवली होती, त्यामुळे कागदावर दुप्पट असलेल्यांच्या शेजारी तो ताठ उभा राहायचा.

आता रुमाल. 2.67 ओहम हे मुख्य कारण, पण मग हिवाळ्यात का नाही झालं? अ‍ॅम्प्लिफायरचा आतला फणीसारखा पत्रा, म्हणजे हीटसिंक, खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंशांनी वर चढतो. समजा 35 अंश. जानेवारीत खोली 20 ची, पत्रा 55 चा. मेमध्ये खोली 38 ची, पत्रा 73 चा. ही हवा झाकणाच्या जाळीतून वर निघून जायला हवी. आमच्या झाकणावर काय होतं? आईनं स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. धूळ बसू नये म्हणून, 1987 पासून. त्यावर केबलचा सेट-टॉप बॉक्स, जो स्वतःच कोमट. मागे शोकेसची प्लायवूडची पाठ. मी तो रुमाल काढायला सांगितला तेव्हा आई म्हणाली, "सदतीस वर्षं चाललं की." आता यावर काय बोलणार! सदतीस वर्षं त्याच्यावर 2.67 ओहमचं ओझं नव्हतं एवढंच.

जूनमध्ये मी पुण्याला गेलो. झाकण उघडलं तर आत धुळीची गोधडी. आईला येत होता तो जळका वास म्हणजे ही धूळ शेकली जात होती. मऊ ब्रशनं आणि हवेच्या फुंकणीनं साफ केली. कंडेन्सर एवढ्या वर्षांच्या उष्णतेनं सुकतात (दर 10 अंश वाढीला त्यांचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे), म्हणून पुरवठ्यातले दोन मोठे आणि काही छोटे बदलले. न मिळणारे 'पार्ट' बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अर्ध्या तासात मिळाले. शोकेसच्या पाठीला भोक पाडलं. सेट-टॉप बॉक्स हलवला. स्वयंपाकघरासाठी 8 ओहमची जुनी जोडी घेतली. घेण्याआधी खुंट्यांवर मल्टिमीटर लावून पाहिला. 8 ओहमच्या स्पीकरवर तो साधारण 6 दाखवतो, 4 च्या स्पीकरवर 3 ते साडेतीन. लेबल निघून गेलं असेल तर एवढ्यावरून कळतं. बंधूंचे 4 ओहमवाले आता बंधूंच्याच घरी, क्लास डीच्या एका छोट्या डबीवर झकास वाजतायत. त्यात त्यांचा काही दोष नव्हताच.

आईची भीती मात्र गणितानं गेली नाही. 'घर पेटेल' हे एकानं म्हटलेलं वाक्य खोडायला दहा समीकरणं पुरत नाहीत. मग मी मल्टिमीटरला लावायची तापमानाची तार हीटसिंकला चिकटवून जाळीतून बाहेर काढली आणि मीटर बाबांच्या हवाली केला. बाबांनी ते काम फारच मनावर घेतलं. कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज सकाळी सातला आकडा पडतो. जुलैत 44, 43, 46. एका रविवारी 51, आणि पुढे कंसात 'पाहुणे, आवाज जास्त'. आई येता-जाता तो आकडा बघते, काही बोलत नाही. डावी बाजू उजवीपेक्षा तीन-चार अंश जास्त तापते असं बाबांनीच तार इकडून तिकडे लावून शोधून काढलं आणि मला फोन केला. ते नळ किती उघडे ठेवायचे त्याचा आतला स्क्रू बघायला हवा, दिवाळीत आलो की बघतो म्हटलं. तोवर त्यांनी दोन्ही बाजूंसाठी दोन रंगांची पेनं घेतली आहेत.